पाण्याखाली जाताना आत काय घालावं

बंगळुरात थंडी आली हे मला कॅलेंडर सांगत नाही, माझ्या नवऱ्याची, श्रीकांतची, माकडटोपी सांगते. परवा सकाळी तो बाल्कनीत पेपर घेऊन बसला तेव्हा ती डोक्यावर होती. त्याच दिवशी खालून अवरेकाईवाल्याची आरोळी आली, आणि संध्याकाळपर्यंत आमच्या इमारतीच्या सगळ्या मजल्यांवर सोललेल्या पावट्याचा तो हिरवा, किंचित तेलकट वास भरून राहिला. इंदिरानगरात हल्ली जगातलं वाट्टेल ते खायला मिळतं, पण अख्खी इमारत एका वासाची होते ती डिसेंबरातच, या शेंगांमुळे. इथली थंडी अशी अंगाला कमी आणि नाकाला जास्त. मी मूळची निपाणीची. तिकडे तंबाखूच्या शेतावर पहाटे दात वाजायचे, तेव्हा मला ही थंडी म्हणजे चहा घेऊन लगेच निघणारी पाहुणी वाटते. पण इथले लोक तिची सरबराई मात्र जोरात करतात. मफलर निघतात, शाली निघतात, आमच्या गल्लीतल्या दोन कुत्र्यांनाही स्वेटर आहेत.

मीही कपाट उघडलं आणि वरच्या फळीवरून माझा लोकरीचा आतला जोड काढला. अंगाला चिकटून बसणारी बारीक लोकरीची विजार आणि लांब बाह्यांचा बनियन. धुऊन गच्चीत वाळत घातला तो सवयीने मोठ्या टॉवेलखाली. आमच्या घरात आतले कपडे उघड्यावर वाळत नसत. आधी दोरीवर ते, त्यावर परकर नाहीतर टॉवेल. सूर्यालाही ते दिसता कामा नयेत अशी माझ्या आईची शिस्त होती. ती इतकी हाडीमाशी खिळली आहे की अठ्ठावन्नाव्या वर्षीही हात आपोआप टॉवेल शोधतो. लोकर अर्थातच दोन दिवस ओलीची ओली राहिली. श्रीकांत म्हणाला, या वयात कोणाला लाजतेस, कबुतरांना? मग मी टॉवेल काढला, आणि त्या दोरीवर वाऱ्याने हलणाऱ्या दोन रिकाम्या पायांकडे बघता बघता मागची थंडी अख्खीच्या अख्खी आठवली.

मागच्या थंडीत माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता, की ड्रायसूटच्या आत काय घालायचं. ड्रायसूट म्हणजे थंड पाण्यात उतरणाऱ्या पाणबुड्यांचा मानेपासून पावलांपर्यंत बंद असलेला पोशाख. मानेला आणि मनगटांना रबराच्या पट्ट्या इतक्या गच्च बसतात की पाण्याचा थेंब आत येत नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, मग आता थंडी कसली? मलाही तसंच वाटलं होतं. पण तो पोशाख स्वतः उबदार नसतो. तो तुम्हाला फक्त कोरडं ठेवतो. बर्फाच्या शेजारच्या पाण्यात ऊब मिळते ती आत घातलेल्या कपड्यांची, जे कोणाला दिसत नाहीत आणि ज्यांचे फोटो कोणी काढत नाही.

एवढ्या थंड पाण्यात जायची मला काय हौस, असं सगळ्यांनी विचारलं. हौस नव्हती. मुक्ता तिथे होती.

मुक्ता आमची एकुलती एक मुलगी. ती नॉर्वेत असते. समुद्राच्या तळावर वाढणाऱ्या केल्प नावाच्या उंच वनस्पतींच्या जंगलांचा अभ्यास करते, त्यामुळे आठवड्यातले निम्मे दिवस त्या पाण्यातच असते. ती गेली त्या पहिल्याच वर्षी मी तिला एक खोकं पाठवलं होतं. मेतकूट, डिंकाचे लाडू आणि एक जाड बंडी. तिचा फोन आला. ती रागावली असती तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाली, "आई, इथे सगळं मिळतं. काही पाठवत जाऊ नकोस." तेव्हापासून मी काही पाठवलं नाही, आणि आमचे फोनही हळूहळू आखडत गेले. जेवलीस का, हो. थंडी फार आहे का, असतेच. बाबा काय करतात, झोपलेत. भांडण असतं तर मिटवता आलं असतं. हे भांडण नव्हतंच, त्यामुळे मिटवायचं काय तेच कळत नव्हतं.

पाण्याशी माझी ओळख मात्र जुनी आहे. मामाच्या मळ्यातल्या विहिरीत, पाठीला सुकलेला भोपळा बांधून, मला काठावरून ढकललं होतं आणि मी ओरडत ओरडत पोहायला शिकले. मुक्ता कॉलेजात असताना मुरुडेश्वरला जाऊन डायव्हिंग शिकून आली, आणि आल्यावर कितीतरी दिवस ती जेवताना मध्येच थांबून गप्प व्हायची. तिने तिथे खाली काय पाहिलं ते तिला सांगता येत नव्हतं आणि मला विचारता येत नव्हतं. पुढे निवृत्त झाल्यावर मीही मुरुडेश्वरला गेले आणि शिकले. तिथलं पाणी कोमट. पोहण्याच्या कपड्यांवर एक पातळ सूट चढवला की काम भागतं.

मला तिच्याबरोबर एकदा, तिच्या पाण्यात, उतरायचं होतं. पाण्याखाली बोलता येत नाही. बोटांनी खूण करून "ठीक?" असं विचारायचं आणि समोरच्याने तीच खूण करून "ठीक" म्हणायचं, बस. आमच्या दोघींची गाडी अडायची ती बोलण्यात. जिथे बोलायची सोयच नाही तिथे कदाचित जमेल, असं मला वाटत होतं. हे मी श्रीकांतलाही सांगितलं नव्हतं. त्याला सांगितलं, फिरायला जाऊ.

मुक्ताला मात्र फोनवर सरळ विचारलं, तुझ्याबरोबर पाण्यात उतरू का. ती म्हणाली, ये, पण एक अट आहे. माझी बोटं थंडीत पांढरीफटक पडतात, हे तिला लहानपणापासून ठाऊक. डॉक्टरांनी परवानगी दिली होती, पण अंग उबदार ठेवलं तरच. तिची अट अशी, की सूट ती तिथे मिळवून देईल, आतले कपडे माझे मी आणायचे, आणि पाण्यात मी कुडकुडायला लागले की ती मला वर आणणार. मग उरलेले दिवस काठावर थर्मास घेऊन बसायचं. तिला एवढा एकच आठवडा मोकळा होता, त्यानंतर ती बोटीवरच्या मोठ्या मोहिमेवर जाणार होती. म्हणजे मला एकच संधी होती, आणि ती माझ्या बनियनवर अवलंबून होती.

अशा वेळी मी जाते ती रत्नाअक्काकडे. शिवाजीनगरच्या बसस्टँडमागच्या गल्लीत तिचं शिलाईचं दुकान आहे, आणि लग्न होऊन बंगळुरात आल्यापासून माझी सगळी पोलकी तिनेच शिवली आहेत. तिचे पूर्वज तीन-चारशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर तंबू शिवत इकडे आले आणि इथलेच झाले, असं ती सांगते. तिच्या मराठीत निम्मी कन्नड असते आणि माझ्या कन्नडमध्ये निम्मी मराठी, त्यामुळे आमचं छान जमतं. मी तिला समजावून सांगितलं की मुक्ताकडे जाऊन थंड पाण्यात बुडी मारायची आहे, वरचा कोट पाणी अडवतो, आतून ऊब हवी. तिने डोळे मिटून स्वल्प विचार केला आणि म्हणाली, "सरी. गोधडी शिवू. चळी, थंडी गं, शिरते ती टाक्यांच्या मधनं. टाका दाट घातला की शिरायला जागाच नाही."

आता मी आयुष्यभर मुलांना उष्णतेचं वहन शिकवलेली बाई. स्थिर हवा उष्णता धरून ठेवते, ओलं कापड ती घालवून बसतं, हे मी फळ्यावर आकृत्या काढून शिकवलं आहे. पण गोधडी म्हटल्यावर माझं भौतिकशास्त्र चपला काढून बाहेर उभं राहिलं. गोधडीत कोणाला थंडी वाजली आहे का आजवर? मी माझ्याच जुन्या सुती साड्या काढून दिल्या, त्यात एक इरकलही होती. अक्काने त्या पाच पदरी लावून, बोटभर अंतरावर धावदोऱ्याच्या ओळी घालून, त्याची विजार आणि बंद गळ्याची बंडी शिवली. इतकी देखणी की मी ती घालून आरशासमोर उभी राहिले आणि हलले नाही. वजन मात्र असं की श्रीकांत म्हणाला, बुडायला शिसं वेगळं लावायला नको.

परीक्षा घ्यायची तर थंड जागा हवी, आणि बंगळुरात नॉर्वेचं पाणी कुठून आणायचं? तेव्हा मला मंजुनाथ आठवला. माझा जुना विद्यार्थी, देवनहळ्ळीच्या पलीकडे गुलाब पिकवतो. आजूबाजूच्या चकोत्र्याच्या बागांचे प्लॉट पडले, याचे गुलाब अजून टिकून आहेत. तोडलेली फुलं विमानात चढेपर्यंत ठेवायला त्याच्याकडे एक मोठी थंड खोली आहे, आणि तिथलं तापमान साधारण मुक्ताच्या पाण्याइतकंच. मी फोनवर सगळं सांगितल्यावर तो अगदी आदराने म्हणाला, या मॅडम.

ड्रायसूट नव्हता म्हणून गोधडीवरून श्रीकांतचा स्कूटरचा रेनकोट चढवला आणि मनगटांना, घोट्यांना रबरबँड लावले. भर दुपार होती. गाडीपासून त्या खोलीपर्यंत शेडमधून चालत जावं लागलं. दोन्ही बाजूंना बायका गुलाबांच्या जुड्या बांधत बसल्या होत्या. त्यांनी हात थांबवून माझ्याकडे पाहिलं आणि मग पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. मीही हसले. हसता हसता आणि चालता चालता रेनकोटच्या आत घामाच्या धारा लागल्या होत्या, तिकडे माझं लक्षच नव्हतं.

आत बादल्याच बादल्या, त्यांत मिटलेले गुलाब, आणि वास जवळजवळ नाहीच. थंडीत फुलंही तोंड मिटून बसतात. श्रीकांत माकडटोपी, शाल आणि घड्याळ घेऊन माझ्या शेजारी स्टुलावर बसला, बचावपथक म्हणून. सुरुवातीला मला झकास वाटलं. मग पाठीवर कोणीतरी ओला हात ठेवल्यासारखं झालं. घामाने भिजलेली गोधडी गार पडली होती, आणि दाट टाक्यांनी ती आधीच इतकी दबलेली की आत हवेला उभं राहायला जागा नव्हती. दात वाजायला लागले. मी हातमोजा काढून पाहिला तर बोटं पांढरी. बाहेर आले तेव्हा मंजुनाथच्या चेहऱ्यावर नववीच्या वर्गातला धडा स्पष्ट दिसत होता, पण गुणी मुलगा, बोलला नाही.

परतीच्या वाटेवर मी रडवेली झाले होते. गोधडी हरली याचं मला इतकं का लागावं, कळेना. मला वाटत होतं की मुक्ताला सांगायला जो एक पुरावा हवा होता, तोच हातातून गेला. आणि तेवढ्यात कळलं की श्रीकांतने आत असतानाच माझा एक फोटो काढून तिला पाठवून दिला आहे. गुलाबांच्या बादल्यांमध्ये, इरकलीच्या कॉलरवर रेनकोट, मनगटाला रबरबँड. मी त्याच्यावर अशी भडकले की गाडी चालवताना त्याने टोपी काढून ठेवली.

घरी पोचतो तोच तिचा फोन आला. आधी नुसतं हसू ऐकू येत होतं. थांबायचं, पुन्हा सुरू व्हायचं. हे हसू मी कितीतरी दिवसांत ऐकलं नव्हतं, लहानपणी ती हसता हसता जमिनीवर बसायची तसं. दम लागल्यावर ती म्हणाली, "आई, कॉटन? तू? तू फिजिक्सची टीचर आहेस ना?" आणि मग तिने मला शिकवायला घेतलं. तिचा तो आवाज मला नवा होता. घाई नाही, कंटाळा नाही. अंगाला लागून बारीक लोकर, कारण ती घाम शोषून बाहेर ढकलते आणि ओली झाली तरी गार पडत नाही. त्यावर फुगीर कापड, हवा धरणारं. आणि ते सैल हवं. खोल गेलं की पाणी सूट चहूकडून दाबतं, मग घट्ट कपड्यातली उरलीसुरली हवाही निघून जाते. पण फार ढगळही नको, नाहीतर हवा जास्त होते आणि माणूस बुचासारखा वर येतो. मी मध्ये मध्ये मुद्दाम मठ्ठासारखे प्रश्न विचारत होते. चहा गार झाला तरी फोन चालूच होता.

त्या महिन्यात मग आम्ही फक्त कपड्यांवर बोललो. मी शिवाजीनगरच्या दुकानांतून हिंडायचे आणि तिला फोन लावायचे. एका दुकानदाराने लेस लावलेलं फिकट गुलाबी थर्मल समोर ठेवलं आणि विचारलं, मनाली की केदारनाथ? मी म्हटलं, पाण्याखाली. त्याने ते घडी करून परत ठेवून दिलं. शेवटी घराजवळच्याच एका खेळसाहित्याच्या दुकानात तो बारीक लोकरीचा जोड मिळाला. तिथल्या चुणचुणीत मुलीने इंग्रजीत मला हिमालयातल्या सगळ्या वाटा सांगितल्या आणि मी त्या ऐकून घेतल्या, कारण मला कोणाशी तरी या विषयावर बोलायचंच असायचं. कपड्यांच्या निमित्ताने मुक्ता काय काय सांगून जायची. तिच्या बोटीवरचा एकजण सतत गातो. तिला तिथल्या हिवाळ्यात दुपारचा अंधार अजून आवडत नाही. हे आधी कधी ती बोलली नव्हती.

फ्लीसचं फुगीर कापड घेऊन मी अक्काकडे गेले. गोधडी हरल्याचं सांगायला जीभ रेटत नव्हती, पण ती अक्काच. म्हणाली, बेडा, नको गं, वाईट कशाला वाटून घेतेस, गोधडी घरात पांघरायची, तिला पाण्याचं काय ठाऊक. तिला खरा त्रास झाला तो सैल शिवण्याचा. अंगाबरोबर बसणाऱ्या पोलक्यांसाठी अर्धं शिवाजीनगर तिच्याकडे येतं, आणि मी म्हणत होते की काखेत हवा राहू दे, पाठीला जागा सोड. एकेका शिवणीला ती उसासे टाकत होती. मग मी हात उंच करून मानेमागे नेऊन दाखवला, तिथे सिलिंडरची चावी असते आणि ती हाताला लागली पाहिजे. उकिडवं बसून दाखवलं. तिने प्रेमाने लावलेली उंच कॉलर कापायला लावली, कारण मानेवरचं रबर उघड्या कातडीवरच बसावं लागतं, मध्ये कापड आलं तर पाणी आत येतं. सगळं झाल्यावर तिने ते हँगरला लावून दुरून पाहिलं आणि म्हणाली, "वसू, एक कर. हे मी शिवलं म्हणून कोणाला सांगू नकोस."

दुसऱ्या परीक्षेला आम्ही सकाळी लवकर गेलो, सावलीतून, हळूहळू चालत. मी त्या खोलीत इतका वेळ बसले की गुलाबांच्या दोन खेपा आल्या आणि गेल्या. बोटं गुलाबी राहिली. श्रीकांत मधेच उठून बाहेर उन्हात गेला आणि त्याला आठवडाभर सर्दी झाली. त्या सर्दीतच, वाफ घेता घेता, टॉवेलखालून तो मला म्हणाला की त्याला वाटलं होतं माझं जमणार नाही, आणि जमू नये असंही थोडं वाटलं होतं. कारण त्याला भीती वाटते. पण आता तो येणार आहे, आणि काठावर बसणार आहे. मी त्याच्या डोक्यावरचा टॉवेल नीट केला. टॉवेलखाली ठेवलेल्या गोष्टींना वाळायला असाच वेळ लागतो.

नॉर्वेतला तो धक्का, लाकडी खोपटं, चहूकडे बर्फ आणि त्यात काळंशार पाणी. श्रीकांत धक्क्यावर खुर्ची टाकून बसला, अंगावर घरातले आणि दुकानातले मिळून सगळे कपडे. खोपट्यात मुक्ताने माझा फ्लीसचा सूट चिमटीत धरला, दाबला, सोडला. कापड पुन्हा वर आलं. कोणी शिवलं, तिने विचारलं. मी अक्काचं नाव सांगून टाकलं. ती "छान आहे" म्हणाली. मग तिने रबराच्या गळ्याला आतून पावडर लावली, माझे केस दोन्ही हातांनी आवरले आणि तो गळा माझ्या डोक्यावरून खाली ओढला. क्षणभर अंधार, पावडरीचा कोरडा स्पर्श, आणि मग तिचा चेहरा अगदी जवळ. "कान दुखले?" असं तिने विचारलं. मी मान हलवली.

खाली केल्पचं जंगल होतं. तपकिरी, उंच, एका लयीत डुलणारं, आणि वरून येणारा उजेड हिरवा. मला थंडी वाजत नव्हती. गालांना टोचत होती तेवढीच, बाकी अंग आपल्या घरात बसल्यासारखं. मुक्ता सारखी वळून खूण करत होती, ठीक? ठीक. एका दगडावर तिने विजेरी धरून मला समुद्री साळूंची, काटेरी चेंडूंसारख्या जिवांची, एक वसाहत दाखवली, एकेकीचे काटे हळूहळू हलत होते. जेवताना ती मध्येच थांबून का गप्प व्हायची, ते मला आत्ता कळलं. मी इतकी सुखात होते की तिथून कधीच वर जाऊ नये असं वाटत होतं. आणि तेव्हा मला दिसलं की दगडावरचा उजेडाचा ठिपका थरथरतो आहे.

पाणी स्थिर होतं. थरथरत होता तिचा हात. मी तिच्याकडे पाहून खूण केली, ठीक? तिने लगेच केली, ठीक. पण ठिपका थरथरतच होता. मी पुन्हा विचारलं. पुन्हा ठीक. आमचे फोन जसे चालायचे तसंच, हुबेहूब. डायव्हिंगमध्ये एक चांगला नियम आहे. दोघांपैकी कोणीही, केव्हाही, अंगठा वर केला की दोघांनी वर जायचं, आणि का असं विचारायचं नाही. ज्यासाठी मी सबंध थंडी घालवली ते सगळं माझ्या समोर होतं, नुकतंच सुरू झालेलं. मी अंगठा वर केला.

खोपट्यात शिरताच ती घाईघाईने माझे हातमोजे काढायला लागली. माझी बोटं गुलाबी होती. ती त्यांच्याकडे बघत राहिली. म्हणाली, "मला वाटलं तुला थंडी वाजली."

"मला नाही," मी म्हटलं. "तुला वाजत होती."

तिने सूट उतरवला तेव्हा मी आतला कपडा पाहिला. कधीकाळी फुगीर असेल तो. आता कोपर आणि गुडघे घासून पातळ झालेले, पाठ चपटी. मी चिमटीत धरून दाबला आणि सोडला, तो वर आलाच नाही. सगळीकडची हवा निघून गेलेली. ती कानकोंडी होऊन म्हणाली, नवा घ्यायचा राहून जातो, आणि सवय होते. मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं आणि खूप बोलावंसं वाटलं. तू रोज असं कुडकुडत खाली जातेस आणि मला फोनवर असतेच म्हणतेस. पण मी फक्त तिचे पाय मांडीवर घेतले आणि चोळत बसले. तिने ते काढून घेतले नाहीत. श्रीकांतने थर्मासमधला चहा ओतून दिला, त्याचे स्वतःचेच हात इतके कापत होते की निम्मा चहा खाली सांडला, आणि मग आम्ही तिघंही हसलो.

नवा शिवून पाठवू का, हे शब्द परत येईपर्यंत माझ्या ओठांवर होते. मी ते गिळले. विमानतळावर गिळले, घरी आल्यावरही गिळले. तिची मोहीम सुरू झाली, फोन पुन्हा कमी झाले. पण आखडलेले नव्हते. कधी ती बोटीवरच्या त्या गाणाऱ्या माणसाचा आवाज ऐकवायची. घट्ट शिवलं की हवा जाते, हे मी आता माझ्याबाबतीतही लक्षात ठेवायचा प्रयत्न करते. भौतिकशास्त्र असं आयुष्याला लावायचं नसतं, हे मीच मुलांना सांगायचे. असो.

तर काल रात्री जेवणं झाली होती. मी अवरेकाई सोलत बसले होते, श्रीकांत टोपीसकट पेंगत होता. मुक्ताचा व्हिडिओ कॉल आला. आणखी एक मोहीम संपवून ती परत आली होती, तिच्या स्वयंपाकघरात उभी होती. इकडचं तिकडचं झालं. मग भांडी आवरता आवरता, माझ्याकडे न बघता, तिने विचारलं, "रत्नाअक्का अजून शिवतात का गं?"

मी शेंगा खाली ठेवल्या. शिवतात म्हटलं. तेवढंच म्हटलं.

"मग लिहून घे," ती म्हणाली. तिच्याकडे टेप नव्हती. तिने कुठूनशी सुतळी आणली, फोन डब्याला टेकवून ठेवला आणि स्वतःभोवती सुतळी गुंडाळून मोजायला लागली. खांदा, बाही, पाठ. छातीपाशी आली तेव्हा मी पाहिलं, लहानपणी मापं देताना करायची तसंच तिने अंग चोरलं होतं, श्वास धरून, पोट आत घेऊन.

"मुक्ता, अशी नको," मी म्हटलं. "श्वास भरून घे. मग मोज."

तिने सुतळी सैल सोडली, आणि मोठा श्वास घेतला.